‘करावे’ की ‘करावेच’?

आपल्या बीड जिल्ह्यात विमानतळ नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी विमान जवळून पाहिलं असेल ते संभाजीनगरला, चिकलठाण्याच्या भिंतीपलीकडे, तेही एसटीच्या खिडकीतून मान वाकडी करून. अहो, बीड शहरात रेल्वे यायलाच २०२५ चा सप्टेंबर उजाडला! तरीही एका विमान अपघाताच्या चौकशी अहवालात बीडचं नाव आहे, हे तुम्हाला माहीत होतं का? मला इंटर्नशिपला लागून जुनी कात्रणं चाळेपर्यंत माहीत नव्हतं.

२६ एप्रिल १९९३. तेव्हाच्या औरंगाबादहून इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ विमान मुंबईला निघालं. आत ११८ माणसं. विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत गेलं, पण हवं तेवढं उचललं गेलं नाही. टोकाला लागूनच रस्ता होता आणि त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमानाचं चाक ट्रकला धडकलं. पुढे ते विजेच्या तारांना लागून शेतात कोसळलं. ५५ जण गेले. चौकशीत दोन कारणं निघाली. एक, वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं. दुसरं कारण असं की, उड्डाणांच्या वेळेत ‘बीड रोड’वरची वाहतूक विमानतळ प्राधिकरणानं रोखली नाही.

पहिलं कारण समजतं. माणूस चुकतो. दुसऱ्यावर मात्र मी अडकले. ट्रक दोन-चार मिनिटं थांबवायचा, बस्स. त्याला ना रॉकेट सायन्स लागतं, ना कोट्यवधी रुपये. लागतो तो एक नियम, जो पाळल्याशिवाय विमान सुटणारच नाही.

तिथून मी विमानांची तपासणी आणि दुरुस्ती कशी सक्तीची होते, हे वाचत सुटले. सगळा खेळ एका ‘च’चा आहे असं वाटायला लागलं. ‘करावे’ आणि ‘करावेच’.

समजा, एखाद्या विमानात दोष सापडला. बनवणारी कंपनी सगळ्या विमान कंपन्यांना कळवते की अमुक भाग तपासा, तमुक बदला. याला सर्व्हिस बुलेटिन म्हणतात. हा कंपनीचा सल्ला झाला. पण दोष जिवावर बेतणारा आहे असं सरकारी नियामकाला वाटलं, तर तो एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह काढतो. हँगरमधली माणसं त्याला नुसतं ‘एडी’ म्हणतात. एडी निघाली की विषय संपला. कोणत्या मॉडेलची, कोणत्या क्रमांकांची विमानं, काय तपासायचं, कधीपर्यंत, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं आणि ते केल्याशिवाय विमान उडवता येत नाही. बोइंगसाठी हा आदेश मुख्यतः अमेरिकेची एफएए काढते, एअरबससाठी युरोपची इएएसए. आपल्याकडे डीजीसीएचा नियम आहे की, ज्या देशात विमानाचं डिझाइन झालं तिथला असा आदेश भारतात नोंदवलेल्या विमानांनाही बंधनकारक.

मुदतही गमतीशीर असते. कधी ‘पुढच्या उड्डाणाआधी’, कधी ‘इतक्या तासांत’, तर कधी ‘इतक्या सायकल्समध्ये’. सायकल म्हणजे एक उड्डाण आणि एक उतरणं. बीड-गेवराई फेऱ्या मारणारी, प्रत्येक फाट्यावर थांबणारी एसटी आणि रात्री एकदा पुण्याला जाणारी एसटी, दोघींचे किलोमीटर सारखे झाले तरी क्लच कुणाचा आधी जाईल? तसंच. विमान वर गेलं की आत हवेचा दाब भरतो, खाली आलं की उतरतो. प्रत्येक वेळी विमानाचं अंग फुग्यासारखं थोडं ताणलं जातं. म्हणून फेऱ्या मोजायच्या.

ही सक्ती काय करू शकते ते आपण अलीकडेच पाहिलं. ३० ऑक्टोबर २०२५ ला जेटब्लू कंपनीचं एअरबस ए३२० मेक्सिकोहून अमेरिकेला जाताना वैमानिकानं काही न करता अचानक खाली झुकलं. काही प्रवासी जखमी झाले. सूर्यावरून येणाऱ्या तीव्र किरणोत्सारामुळे उड्डाण नियंत्रित करणाऱ्या संगणकातला डेटा बिघडू शकतो, असं एअरबसनं तपासाअंती सांगितलं. २८ नोव्हेंबरच्या शुक्रवारी तातडीचा आदेश निघाला. जगभरातली सुमारे सहा हजार विमानं त्यात आली, भारतातली ३३८. बहुतेक विमानांत जुनं सॉफ्टवेअर परत टाकायचं होतं, काही तासांचं काम. उड्डाणं लांबली, लोक चिडले, पण शनिवार-रविवारात आपल्याकडचं जवळजवळ सगळं काम उरकलं. मोबाइलचं अपडेट आपण ‘नंतर आठवण करा’ म्हणत महिनाभर ढकलतो, ते आठवलं आणि जरा लाज वाटली.

पण ‘च’ नसेल तर? त्यासाठी पन्नास वर्षं मागे जावं लागेल.

१२ जून १९७२. अमेरिकन एअरलाइन्सचं डीसी-१० विमान कॅनडातल्या विंडसर शहरावरून जात असताना मागचा सामान भरायचा दरवाजा हवेतच उघडून उडाला. केबिनची फरशी खाली दबली आणि तिच्याखालून जाणाऱ्या, विमान वळवणाऱ्या केबल्स अडकल्या. वैमानिकांनी कसंबसं विमान उतरवलं. ६७ च्या ६७ जण वाचले. बाहेरून बंद दिसणारा दरवाजा आतून नीट अडकलेला नसतो, हे लक्षात आलं. आता एडी निघायला हवी होती. ती तयारही होत होती. पण एफएएचे प्रमुख आणि कंपनीचे अध्यक्ष यांचं फोनवर बोलणं झालं आणि ठरलं की आदेश नको, कंपनी बुलेटिन काढून दुरुस्ती करून घेईल. एकमेकांच्या शब्दावर. आपल्याकडे म्हणतात ना, ‘लिहून कशाला घ्यायचं, घरचाच माणूस आहे’, तसंच. विमानाचा सांगाडा बनवणाऱ्या कंपनीतल्या एका इंजिनिअरनं अपघातानंतर दोनच आठवड्यांत आपल्या वरिष्ठांना लिहून कळवलं होतं की हा दरवाजा पुन्हा उघडेल आणि तेव्हा विमान वाचणार नाही. ते पत्र कंपनीबाहेर गेलंच नाही.

३ मार्च १९७४. टर्किश एअरलाइन्सचं डीसी-१० पॅरिसहून लंडनला निघालं. तोच दरवाजा. तीच फरशी. त्याच केबल्स. विमान पॅरिसजवळच्या जंगलात पडलं आणि ३४६ माणसं गेली. त्या काळापर्यंतचा तो सगळ्यात मोठा विमान अपघात.

या प्रकरणातल्या दोन गोष्टी माझ्या डोक्यातून जात नाहीत. पहिली म्हणजे दरवाजाला आधार देणारी एक पट्टी बसवायची होती. कारखान्याच्या कागदांवर ती बसवल्याचा शिक्का होता. विमानावर ती नव्हती! आणि दुसरी, दरवाजा कसा बंद करायचा याची सूचना दरवाजावरच लिहिलेली होती, इंग्रजीत आणि तुर्कीत. पॅरिसला तो बंद करणारा कामगार अल्जीरियातून आलेला. त्याला तीन भाषा लिहिता-वाचता येत होत्या. नेमक्या या दोन येत नव्हत्या. सुरुवातीला बोट त्याच्याकडेच दाखवलं गेलं. ज्यांनी फोनवर मिटवलं, ते कुठेतरी ऑफिसात बसलेले होते.

अपघातानंतर मात्र आदेश निघाला. विमान क्षेत्रातले लोक म्हणतात की तिथले नियम रक्तानं लिहिलेले असतात. मला आधी ते वाक्य फिल्मी वाटायचं.

बरं, एडी निघाली तरी ती कुठपर्यंत पोचते हाही प्रश्न आहेच. हवाईची अलोहा एअरलाइन्स बेटांमध्ये छोट्या छोट्या फेऱ्या मारायची, अगदी आपल्या गेवराई एसटीसारख्या. तिच्या एका ७३७ च्या ८९ हजारांहून जास्त फेऱ्या झाल्या होत्या. पत्र्यांचे सांधे तपासा, सगळेच तपासा, असा बोइंगचा सल्ला होता. एफएएनं त्यावरून सक्तीचा आदेश काढला, पण त्यात सगळे सांधे घेतले नाहीत. २८ एप्रिल १९८८ ला २४ हजार फुटांवर त्या विमानाचं पुढचं छत उडून गेलं. एक हवाई सुंदरी बाहेर फेकली गेली, ती सापडलीच नाही. बाकी सगळ्यांना घेऊन विमान उघड्या टपानं उतरलं. नंतर एका प्रवासी बाईनं सांगितलं की, विमानात चढतानाच दाराजवळच्या पत्र्याला गेलेली भेग तिला दिसली होती. ती कुणाला काही बोलली नव्हती.

आता अहमदाबाद. १२ जून २०२५, विंडसरच्या घटनेला बरोबर ५३ वर्षं. एअर इंडियाचं लंडनला निघालेलं ७८७ उड्डाण घेताच कोसळलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९, असे २६० जण गेले. कर्मचाऱ्यांत आपल्या महाराष्ट्रातलीही मुलं-मुली होती, तुमच्या-माझ्याहून थोडीच मोठी. जुलैत प्राथमिक अहवाल आला. उड्डाणानंतर दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच ‘बंद’ स्थितीत गेले, असं त्यात आहे. का गेले, हे त्यात नाही. पण त्याच अहवालात एक छोटी नोंद आहे. हा स्विच चुकून हलू नये म्हणून त्याला लॉक असतं. काही ७३७ विमानांत ते सुटलेलं आढळलं होतं, म्हणून एफएएनं डिसेंबर २०१८ मध्ये अशाच रचनेचे स्विच असलेल्या बाकी बोइंग विमानांनाही ते तपासायला सुचवलं होतं. सुचवलं होतं. सक्ती नव्हती, म्हणून एअर इंडियानं ती तपासणी केली नव्हती.

इथे घाई करू नका. लॉकमुळे अपघात झाला असं अहवाल म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही. व्हॉट्सअॅपवर तेव्हा जे फिरलं ते फिरलं. १४ जुलैला डीजीसीएनं ही तपासणी सक्तीची केली, २१ जुलैपर्यंतची मुदत देऊन. एअर इंडियानं आपली सगळी ७८७ आणि ७३७ तपासली, त्यांत लॉकचा दोष सापडला नाही असं जाहीर केलं. साडेसहा वर्षं जे ‘जमलं तर करा’ होतं, ते आठवड्याभरात झालं.

मग सगळंच सक्तीचं का करत नाहीत? मलाही वाटलं. पण विमान उभं राहिलं की पैसा जळतो, आणि एक स्क्रू उघडला की तो चुकीचा बसवण्याचीही शक्यता असते. शंभर आदेशांच्या ढिगात खरा गंभीर आदेश हरवायला नको. तेव्हा नियामकाला निवडावं लागतं. पण ही निवड करताना टेबलाच्या पलीकडे कंपनी बसलेली असते, प्रवासी नसतो. माझं भांडण तेवढंच आहे.

जाता जाता सायन्सवाल्यांसाठी एक गोष्ट. दुरुस्तीनंतर विमान सोडायचं की नाही हे ठरवणारी सही वैमानिकाची नसते, एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरची असते. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स असेल तर डीजीसीएमान्य संस्थेतून हे शिकता येतं, नंतर लायसन्सच्या परीक्षा असतात. आपल्या नागपुरात मिहानमध्ये बोइंगनं उभारलेलं विमान दुरुस्तीचं मोठं केंद्र आहे. आपल्याकडे ‘विमान’ म्हटलं की मुलांना पायलट आणि मुलींना एअर होस्टेसच दिसते, म्हणून सांगितलं. फक्त सही करताना त्या पॅरिसच्या विमानाचा शिक्का आठवा.

हे सगळं वाचत असतानाच मी दिवाळीला पुण्याहून घरी आले. ट्रॅव्हल्सनं. मागची सीट मिळाली. बाजूला लाल अक्षरांत ‘आपत्कालीन दरवाजा’ आणि त्याला टेकून पार्सलची पोती, वर फ्रिजचा भलामोठा खोका. मी क्लीनरला म्हटलं, ‘दादा, हे इथून हलवता का?’

तो हसला. ‘काही होत नाही ओ ताई. रोजच नेतो.’

बसचा हा दरवाजा मोकळा ठेवणं ‘करावे’मध्ये येत नाही, ‘करावेच’मध्ये येतं. मला ते माहीत होतं. पण आजूबाजूचे सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले होते, शिवाय रात्रीचे अकरा. मी इअरफोन घातले. जामखेडला चहाला थांबलो, तेव्हाही बोलले नाही. पहाटे पाटोद्याला फ्रिजचा खोका उतरला, आणि त्या जागी बीडला न्यायच्या टायरांची थप्पी चढली.