खरखर गाळायची कशी? दहावीच्या गणिताने!

जालन्यात एखाद्या डीपीवर ठिणग्या उडत असतील, तर जवळच्या एएम रेडिओत खरखर येते. कारण ठिणगी म्हणजे क्षणभराचा जोरदार रेडिओ सिग्नलच. पुणे जिल्ह्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या तिच्या 30 डिश आकाशातले अतिशय क्षीण सिग्नल पकडतात. विजेच्या तारांवरच्या ठिणग्या तिलाही छळतात. मग उपाय काय?

समजा, पाच नोंदी आल्या: 4, 5, 6, 5, 900. सरासरी 184! एका ठिणगीने सगळं बिघडवलं. आता त्या चढत्या क्रमाने लावून मधली घ्या, म्हणजे दहावीतला मध्यक. तो 5च. 900 च्या जागी 9 लाख आले तरी 5च. म्हणून मध्यकापासून फार लांब गेलेली नोंद ओळखायची आणि ती बदलून टाकायची. जीएमआरटीची डिजिटल यंत्रणा हे निरीक्षण चालू असतानाच करते.

पण पाचातल्या तीन नोंदी बिघडल्या, तर मध्यकही बिघडतो. सतत चालणारा सिग्नल असा गाळता येत नाही, तो मुळातच थांबवावा लागतो. म्हणून खोडदला गेलात, तर मोबाईल खरंच बंद करा.