चार टनांचे गलबत, चाळीस हजार कोटी तारे

माझ्या मेजाच्या खणात तांबड्या पुठ्ठ्याची एक लांबट वही असते, आणि तिच्या पहिल्या पानावर कोणत्याही किराणा दुकानदाराच्या रोजकीर्दीत शोभावी अशी नोंद आहे : चार टन कॉफी अमुक भावाने घेतली, तमुक ठाण्यावर उतरवली, इंधनाचा खर्च वजा जाता एवढा नफा राहिला. वेगळेपण इतकेच, की खरेदीचा बाजार एका ताऱ्याभोवती फिरत होता, विक्रीचा दुसऱ्याभोवती, आणि त्या दोहोंमधले अंतर तोडायला प्रकाशालासुद्धा अकरा वर्षे लागली असती. 'एलिट डेंजरस' या संगणकीय खेळातला तो माझा पहिला सौदा होय. पुढे त्या खेळाने माझ्या किती रात्री घेतल्या याचा हिशेब वहीत नाही. पण आकाशाकडे पाहण्याची माझी दृष्टी त्याने पालटली, एवढे मी निःसंकोचपणे सांगू शकतो.

हा खेळ इंग्लंडमधील केंब्रिजच्या 'फ्रंटिअर डेव्हलपमेंट्स' या संस्थेने १६ डिसेंबर २०१४ रोजी प्रसिद्ध केला. खेळाडूला एक लहानसे यान, हजार नाणी आणि 'कमांडर' ही उपाधी मिळते. त्यानंतर काय करावे हे त्याला कोणीही सांगत नाही. व्यापार करावा, खाणकाम करावे, उतारूंची ने-आण करावी, चाचेगिरी करावी, चाच्यांना पकडून इनाम मिळवावे, किंवा सर्व वस्त्या मागे टाकून जिथे कोणी गेलेले नाही अशा मुलुखात महिनेच्या महिने भटकावे. सर्व वाटा मोकळ्या असतात, आणि त्याच अवकाशात, त्याच घटकेला, जगभरचे हजारो कमांडर आपापल्या कामाला निघालेले असतात.

या कल्पनेचा उगम मात्र पुष्कळ जुना आहे. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिज विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी 'एलिट' हा मूळ खेळ रचला आणि तो २० सप्टेंबर १९८४ रोजी 'बीबीसी मायक्रो' या घरगुती संगणकासाठी विक्रीस आला. त्या काळचा खेळ म्हणजे तीन जीव, दहा मिनिटांचा डाव आणि शेवटी गुणांची बेरीज, असा शिरस्ता होता. या दोघांनी गुणांच्या जागी पैसा ठेवला आणि डावाला शेवटच ठेवला नाही. त्या संगणकाची स्मृती अवघी ३२ किलोबाइटची, म्हणजे आजच्या दूरध्वनीवर काढलेल्या एका छायाचित्राला लागते तिच्या शंभराव्या हिश्श्याएवढी. तेवढ्यात त्यांनी प्रत्येकी २५६ ताऱ्यांच्या ८ दीर्घिका बसविल्या. ती जागा त्यांनी कशी साधली हे समजून घेण्यासारखे आहे. त्यांनी तारे साठवलेच नाहीत. तीन संख्यांची एक जुडी बीज म्हणून घ्यायची, त्यांची बेरीज करून पुढची संख्या काढायची, आणि त्या संख्यांमधून ताऱ्याचे नाव, त्याच्या जगातील राज्यपद्धती, लोकवस्ती, बाजाराची स्थिती ही सारी उलगडत न्यायची. बीज तेच असल्यामुळे तारा दर वेळी तसाच उगवतो. यादी कोठेही लिहून ठेवलेली नसते, ती दर वेळी नव्याने मांडली जाते.

२०१२ च्या अखेरीस ब्रेबेन यांनी नव्या खेळासाठी लोकवर्गणीचे आवाहन केले, आणि ज्यांचे बालपण मूळ 'एलिट'च्या काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या रेषांमध्ये गेले होते अशा माणसांनी १५ लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. या खेपेस दीर्घिका काल्पनिक नव्हती. आपली आकाशगंगाच तिच्या मूळ परिमाणात, सुमारे ४० हजार कोटी ताऱ्यांसह मांडायची असा संकल्प होता. ज्या ताऱ्यांची नोंद खगोलशास्त्रज्ञांच्या सूचींमध्ये आहे ते दीड लाखाच्या आसपास तारे सूचीबरहुकूम घेतले. उरलेले, त्या त्या प्रदेशात द्रव्य किती, ते किती जुने, कोणत्या मूलद्रव्यांचे, याचे गणित करून निर्माण केले. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुमारे ४० प्रकाशवर्षांवरील ट्रॅपिस्ट-१ या मंद ताऱ्याभोवती पृथ्वीएवढाले सात ग्रह आहेत असे जाहीर झाले, तेव्हा खेळाच्या गणिताने जवळजवळ त्याच जागी एक निस्तेज खुजा तारा आणि त्याभोवती सात खडकाळ ग्रह आधीच मांडून ठेवल्याचे आढळले. यात योगायोगाचा वाटा मोठा असेल. परंतु ती बातमी वाचताना माझ्या अंगावर शहारा आला होता.

व्यापाराचे तत्त्व कोणत्याही पेठेतले आहे. शेतीप्रधान जगात धान्य, चहा, कॉफी स्वस्त आणि यंत्रे महाग. खाणीच्या मुलुखात कच्ची धातुके स्वस्त. ती शुद्ध करणाऱ्या ठाण्यांना धातुके हवी असतात आणि त्यांच्याकडचे धातू कारखानदारीच्या ठाण्यांना. मागणी-पुरवठ्याचा हा हिशेब सर्व खेळाडूंमध्ये सामाईक असतो. एखादा किफायतशीर मार्ग चार जणांना कळला की माल आटतो, भाव पडतो आणि ठाण्याची कोठारे भरून जातात. एकांताची आवड असणाऱ्याला इतर खेळाडू दिसणार नाहीत अशी सोय करून घेता येते, परंतु बाजारापुरता तो त्यांच्याबरोबरच असतो. अदृश्य माणसाने काल रिकामे केलेले कोठार आज त्यालाही रिकामेच दिसते. यान नष्ट झाले तर किमतीच्या सुमारे पाच टक्के भरून ते पुन्हा मिळते, पण त्यातला माल बुडाला तो बुडाला. म्हणून गाठीला विम्याची रक्कम न ठेवता सगळे भांडवल मालात अडकवणारा मनुष्य या खेळातही फार काळ टिकत नाही.

ठाण्यात शिरणे हा तर स्वतंत्र विधीच आहे. साडेसात किलोमीटरांच्या आत आल्यावर परवानगीचा अर्ज करावा लागतो, मग धक्क्याचा क्रमांक मिळतो आणि दहा मिनिटांची मुदत. समोर कित्येक मजली, पैलूदार हिऱ्यासारखे ठाणे आपल्या आसाभोवती संथपणे फिरत असते, आणि त्याच्या एका पैलूवर पत्रपेटीच्या फटीसारखे लांबट दार. आत जाताना हिरवे दिवे उजव्या हाताला राहिले पाहिजेत. डाव्या अंगाने बाहेर पडणाऱ्यांची वाट. यानाची लांबी-रुंदी ठाऊक असूनही त्या फटीत ते मावेल यावर प्रथम विश्वासच बसत नाही. वेग शंभराच्या खाली आणावा, फिरत्या दाराशी आपली आडवी रेषा जुळवावी, आणि श्वास रोखून पुढे व्हावे. त्या क्षणी समोरून सातशे टन माल भरलेले एखादे अवाढव्य मालवाहू जहाज दार व्यापून बाहेर येऊ लागले, की दोन्ही कमांडर आपापल्या कडेला इतके सरकतात की वरचा रंग खरवडला जावा. अशा दोन अनोळखी माणसांनी एकमेकांना दिलेली ती वाट मला खेळातल्या सर्व युद्धांपेक्षा प्रिय आहे.

अंतर हा शब्द आपण पुस्तकात वाचतो आणि पुढे जातो. प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर, हे वाक्य मी शाळेत पाठ केले होते. पण त्याचा अर्थ मला हटन ऑर्बिटल या ठाण्याने शिकविला. आपल्या सूर्याच्या शेजारी मित्र तारकेची मालिका आहे. तिच्यातील मुख्य ताऱ्यापाशी यान एका उडीत, म्हणजे ताऱ्याहून ताऱ्याकडे नेणाऱ्या एका झेपेत, पोहोचते, परंतु हे ठाणे तिथून ०.२२ प्रकाशवर्षांवर, प्रॉक्झिमा या दूरस्थ सहचर ताऱ्यापाशी आहे, कारण आकाशातही प्रॉक्झिमा साधारण तितकाच लांब आहे. नकाशावर ते शेजारघर वाटते. प्रत्यक्षात प्रकाशाच्या हजारपटींहून अधिक वेगानेही नेहमीच्या यानाला सुमारे दीड तास लागतो आणि त्या दीड तासात समोरचा एक ठिपका किंचितही मोठा होत नाही. मी त्या रात्री जेवून आलो, दिवा मंद केला, पुन्हा बसलो, तरी तो ठिपका तसाच होता.

इंधनाचे शिक्षण याहून कठोर. यान ताऱ्याच्या प्रभेजवळून फिरवून त्याच्या वायूवर टाकी भरता येते; मात्र हे सर्व ताऱ्यांपाशी जमत नाही. ओ, बी, ए, एफ, जी, के आणि एम या सात वर्गांचे तारे इंधन देतात. तपकिरी खुजे तारे देत नाहीत. हार्वर्डच्या वेधशाळेत ॲनी जंप कॅनन या विदुषीने रूढ केलेला हा क्रम, एरवी परीक्षेपुरता लक्षात राहणारा, इथे प्रत्येक भटक्याच्या जिभेवर असतो, कारण त्याचे विस्मरण त्याला परवडत नाही. मला ते एकदा झाले. वस्तीपासून पुष्कळ दूर, एकामागून एक तीन तपकिरी तारे लागले आणि तिसऱ्याशी माझ्या टाकीत पाव टनही इंधन उरले नाही. तो तारा विझत आलेल्या निखाऱ्याच्या रंगाचा होता. तीन आठवड्यांचे शोध यानात होते. यान गेले असते तर ते सारे गेले असते.

अशा वेळी हाक मारण्यासाठी एक मंडळ आहे. 'फ्युएल रॅट्स' असे त्याचे नाव, २०१५ साली खेळाडूंनीच ते उभे केले, आणि अडकलेल्यांपर्यंत इंधन पोहोचविणे एवढेच त्याचे व्रत. आजवर एक लाखाहून अधिक कमांडरांना त्यांनी सोडविले आहे आणि मोबदला ते घेत नाहीत. त्यांच्या सूचनेवरून मी श्वासाची व्यवस्था सोडून सर्व यंत्रे बंद केली. दिवे गेले, गुणगुण थांबली, यान गार पडत चालले आणि समोरच्या काचेवर कडांकडून हिम धरू लागले. आठशे प्रकाशवर्षांवरून दोघे जण निघाले होते. एक एक उडी झाली की ते उरलेले अंतर कळवीत. सुमारे वीस मिनिटांनी त्या हिमाच्या जाळीतून एक दिवा दिसला, मग दुसरा. एकाने इंधनाने भरलेली लहान स्वयंचलित यंत्रे सोडली. यानाला एक चिकटे आणि टाकीत एक टन चढे. चार चढल्यावर त्याने विचारले, नकाशावर केवळ इंधन देणारे तारे दाखविण्याची सोय तुम्हाला ठाऊक आहे काय? मला ठाऊक नव्हती. त्याने कोणतीही घाई न करता, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी ती समजावून दिली, आणि दुसरी हाक आली म्हणून दोघेही गेले. तो कोण, कोणत्या देशाचा, त्याच्याकडे तेव्हा दिवस होता की रात्र, मला कळले नाही. आजही मला त्याचे ऋण वाटते.

निर्जनतेमुळेच या खेळात माणसे माणसांना शोधतात असे मला वाटते, आणि त्याचा सर्वांत मोठा दाखला २०१६ चा आहे. 'झाक स्टेशन' नावाचे एक फिरते ठाणे आकाशगंगेच्या दूरच्या टोकाकडे एका उडीत जाणार होते. खेळाडूंनी त्यासाठी रसद पुरविली. उडी चुकली आणि ठाणे बेपत्ता झाले. आठवडे शोध चालला, आणि शेवटी सूर्यापासून सुमारे २२ हजार प्रकाशवर्षांवर ते मोडक्या अवस्थेत सापडले. त्या रानात एकही वस्ती नव्हती. मग दुरुस्तीचे सामान घेऊन शेकडो उड्यांचा प्रवास करीत, मजल दरमजल, लोक तिकडे निघाले आणि त्या मोडक्या ठाण्याभोवती 'कोलोनिया' हा सबंध परगणा वसला. २०१९ साली तर दहा हजारांहून अधिक कमांडरांचा तांडा सूर्याजवळून निघाला आणि त्यातले काही जण पाच महिन्यांनी ६५ हजार प्रकाशवर्षांवरच्या 'बीगल पॉइंट' या ताऱ्याशी पोहोचले. डार्विनच्या जहाजाचे नाव त्या ताऱ्याला खेळाडूंमुळेच मिळाले. एवढे होऊनही आकाशगंगेचा हजारावा हिस्साही कोणी पाहिलेला नाही.

जो तारा प्रथम तुम्ही पाहिला, त्याची नोंद ठाण्यावर परत येऊन विकली की त्यावर तुमचे नाव कायमचे चढते. माझी अशी काही नावे आहेत. पण एकदा, वाट सोडून फार आत गेलो असताना, तांबूस कड्यांच्या एका ग्रहावर दुसऱ्याच कुणाचे नाव दिसले, आणि मला खेद होण्याऐवजी दार उघडून कोणी या म्हणावे तसे वाटले.

आपल्या स्वतःच्या सूर्यमालेत जायला या खेळात परवाना लागतो. तो मिळवायला मला पुष्कळ दिवस राज्ययंत्रणेची लहानसहान कामे करावी लागली. परवाना हाती आल्यावर मी पृथ्वीकडे न जाता व्हॉयेजर-१ शोधायला निघालो. ५ सप्टेंबर १९७७ रोजी खरोखर प्रक्षेपित झालेले ते यान, खेळाच्या तेहतिसाव्या-चौतिसाव्या शतकात, तेराशेहून अधिक वर्षे चालत आहे, आणि इतक्या चालीनंतरही ते एका प्रकाशवर्षाचा दशांशही ओलांडू शकलेले नाही. माझ्या यानाला तिथवर जायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला. ती पांढरी थाळी, तो काटकुळा दांडा, आणि भोवती काहीच नाही. मी यंत्रे मंद केली. बऱ्याच वेळाने लक्षात आले की पलीकडे, अंधारात, दिवे विझवून आणखी एक यान थांबले आहे. त्याने दिवे दोनदा लावले आणि मालवले. मीही तसेच केले, आणि सूर्य एखाद्या ताऱ्याएवढा दिसणाऱ्या त्या ठिकाणी आम्ही दोघे आणखी थोडा वेळ थांबलो.