काळी माती, पांढरे डोळे

दोस्तांनो, मातीला डोळे असतात का हो? हसू नका! रशियातले शेतकरी आणि शास्त्रज्ञ सांगतात, असतात म्हणून. तिथल्या गवताळ मैदानात पुरुषभर खोल खड्डा खणला, की वरती हातभर काळीकुट्ट माती लागते. तिच्याखाली तपकिरी थर येतो आणि त्यात जागोजागी पांढरे गोल ठिपके चमकतात. तिथल्या भाषेत त्यांना ‘बेलोग्लाझ्का’ म्हणतात, म्हणजे ‘पांढरे डोळे’. हे डोळे कशाचे? अगदी आपल्या ओळखीच्या वस्तूचे : चुन्याचे!

या मातीचं नाव तुम्ही भूगोलात वाचलं असेल : चेर्नोझेम. रशियन भाषेत ‘चोर्नी’ म्हणजे काळा आणि ‘झेम्ल्या’ म्हणजे जमीन. युक्रेन, दक्षिण रशिया, कझाकस्तानचा उत्तर भाग, रुमानिया, हंगेरी, आणि थेट कॅनडातला सास्काचेवानचा गव्हाचा मुलूख, अशा थंड गवताळ प्रदेशांत ती पसरलेली आहे. जगातल्या सर्वांत सुपीक मातींमध्ये तिची गणना होते.

तुम्ही म्हणाल, “त्यात काय एवढं? आमच्या विदर्भ-मराठवाड्यातली माती काळीच आहे की!” बरोबर. पण दोघींचा रंग सारखा असला तरी जन्मकथा मात्र वेगळी आहे, बरं का!

गवत खाली वाढतं

चेर्नोझेमच्या प्रदेशात हिवाळा भयंकर असतो. पारा शून्याच्या खाली वीस-पंचवीस अंशांपर्यंतही उतरतो. जमीन बर्फाखाली गोठून जाते. उन्हाळा असतो कोरडा आणि गरम. वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून साधारण ५०० मिलिमीटर पाणी मिळतं. एवढ्याशा पाण्यावर घनदाट जंगल कसं वाढणार? पण गवताचं मात्र छान भागतं.

गवताची गंमत अशी, की ते डोळ्यांना दिसतं त्याहून कितीतरी जास्त जमिनीखाली असतं. केसांसारखी बारीक मुळं खोलवर जाळं विणतात. दर वर्षी त्यातली पुष्कळशी मुळं मरतात आणि जागच्या जागी कुजू लागतात. जंगलात पाला वरून पडतो. इथे खत आतूनच तयार होतं!

मग सूक्ष्म जीवाणू आणि बुरश्या या मुळांवर ताव मारतात. आपल्याकडच्या उष्ण हवेत त्यांनी सगळं भराभर फस्त केलं असतं. तिथे मात्र त्यांना वर्षातून दोनदा सुट्टी असते. हिवाळ्यात थंडीमुळे आणि भर उन्हाळ्यात पाणी नसल्यामुळे त्यांचं काम मंदावतं. त्यामुळे जेवण अर्धवट राहतं. या अर्धवट कुजलेल्या, काळसर पदार्थाला म्हणतात ह्यूमस. हजारो वर्षं तो साठत गेला आणि माती काळी झाली.

चुना काय करतो?

आता आपल्या पांढऱ्या डोळ्यांकडे येऊ. हिमयुगात वाऱ्याने बारीक पिवळसर धूळ उडवून आणून या मैदानांवर पसरली. तिला लोएस म्हणतात. या धुळीत चुना भरपूर. वसंतात बर्फ वितळला की पाणी खाली झिरपतं आणि थोडा चुना विरघळवून बरोबर नेतं. पण पाणी फार नसल्यामुळे तो दूर जात नाही. मीटरभर खाली, कधी थोडा वर तर कधी थोडा खाली, तो थांबतो आणि पांढऱ्या धाग्यांच्या नाहीतर गोळ्यांच्या रूपात साचतो. तेच ते डोळे! कोकणात नेमकं उलट होतं. धो धो पाऊस मातीतला चुना धुऊन नेतो आणि मागे उरते जांभ्याची तांबडी, आंबट माती.

चुन्यात असतं कॅल्शियम, आणि हा मोठा उपयोगी गडी. त्याला दोन हात आहेत असं समजा. एका हाताने तो चिकणमातीचा कण धरतो, दुसऱ्या हाताने ह्यूमसचा. अशी साखळी जमली की ह्यूमस सहजासहजी वाहून जात नाही आणि जीवाणूंच्याही तावडीत लवकर सापडत नाही. शिवाय माती रव्याच्या लाडवाच्या भुग्यासारखी दाणेदार होते. दाण्यांच्या मधल्या फटींतून हवा खेळते, मुळं शिरतात, आणि दाण्यांच्या आत पाणी टिकून राहतं. म्हणून तर गहू तिथे असा जोमाने येतो!

या कामात प्राण्यांचाही हात आहे. गांडुळं आहेतच, शिवाय बिळं करून राहणारे मार्मोट आणि आंधळे उंदीरही आहेत. जुन्या बिळांत वरची काळी माती भरते आणि पिवळ्या थरात काळे गोल दिसतात. म्हणजे या मातीला पांढरे डोळे आहेत आणि काळेही!

मातीमागे हिंडणारा माणूस

ही माती आली कुठून, यावर पूर्वी खूप वाद होता. कुणी म्हणे हा समुद्राचा गाळ, कुणी म्हणे जुनी दलदल. वासिली दोकुचायेव (१८४६–१९०३) या रशियन शास्त्रज्ञाने ठरवलं, की घरात बसून वाद घालण्यापेक्षा जाऊनच पाहावं. १८७७ आणि १८७८ साली तो हजारो किलोमीटर हिंडला, खड्डे खणले, नमुने जमवले. १८८३ मध्ये त्याचं ‘रशियन चेर्नोझेम’ हे पुस्तक निघालं. त्याने दाखवून दिलं, की माती म्हणजे नुसता खडकाचा चुरा नव्हे. खडक, हवामान, सजीव, जमिनीचा चढउतार आणि काळ, या पाच जणांनी मिळून ती घडवलेली असते. मृदाशास्त्र हे स्वतंत्र शास्त्र म्हणून उभं राहिलं ते इथून.

मग आपली काळी आई कशी घडली? ती बहुतेक ठिकाणी दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनली. तिच्यात ह्यूमस थोडाच असतो, फारतर एक-दोन टक्के. चेर्नोझेममध्ये तो चार टक्क्यांपासून कधीकधी दहाच्याही वर जातो. आपल्या मातीची खरी ताकद तिच्या फुगणाऱ्या चिकणमातीत आहे. म्हणून पावसाळ्यात ती पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. चुन्याचे खडे मात्र आपल्याकडेही सापडतात. शेतकरी त्यांना चुनखडी म्हणतात.

ठेव संपत चालली

चेर्नोझेम म्हणजे बँकेत हजारो वर्षं साठवलेली ठेव. पण माणसाने काढायला सुरुवात केली आणि भरणा विसरला! नांगराने माती उलटली की आत हवा शिरते, जीवाणू ह्यूमस खाऊ लागतात आणि त्यातला कार्बन वायू होऊन उडून जातो. पीकही कापून नेलं जातं, मग मुळांची भर पूर्वीसारखी पडत नाही. दोकुचायेवने कुठे किती ह्यूमस आहे याचा नकाशा काढला होता. शंभरेक वर्षांनी त्याच भागात पुन्हा मोजणी झाली, तेव्हा पुष्कळ ठिकाणी तो घटलेला आढळला.

१८९१ साली रशियात मोठा दुष्काळ पडला. एवढी श्रीमंत माती, आणि तरी लोक उपाशी मेले. तेव्हा दोकुचायेवने व्होरोनेझ भागातल्या कामेन्नाया स्तेपमध्ये १८९२ पासून वारा अडवणाऱ्या झाडांचे पट्टे लावायला आणि तळी बांधायला सुरुवात केली. ती झाडी आजही उभी आहे. कुर्स्कजवळ १९३५ साली एक राखीव प्रदेश केला. तिथल्या स्त्रेलेत्स्काया स्तेपवर नांगर कधीच फिरलेला नाही. म्हणून मूळ चेर्नोझेम कशी होती, ते आजही पाहता येतं. युक्रेनमध्ये मात्र २०२२ पासूनच्या युद्धात याच काळ्या मातीत सुरुंग पेरले गेले. ते काढल्याशिवाय शेतात पाऊल टाकणंही धोक्याचं!

करून पाहा

१. एक वाळलेलं ढेकूळ गवताच्या मुळाशी असलेलं घ्या आणि दुसरं उघड्या, तुडवलेल्या जमिनीतलं. दोन ग्लासांत पाणी घेऊन ती अलगद सोडा. आधी कोणतं विरघळतं? जास्त वेळ टिकेल त्यात मुळांनी आणि ह्यूमसने कण घट्ट धरून ठेवलेले असतात.

२. शेतातला चुनखडीचा खडा कुटून त्यावर व्हिनेगर टाका. व्हिनेगर नसेल तर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर समजा, चुना आहे. आता तुमच्या अंगणातल्या मातीवर हेच करा. कोकणातल्या आणि सोलापूरकडच्या मित्रांनी आपापले निष्कर्ष एकमेकांना जरूर कळवावेत!

आणि हो, घरातला भाजीपाल्याचा कचरा फेकून न देता आई-बाबांच्या मदतीने कुंडीत कुजवा. गवताने हजारो वर्षांत केलेलं काम आपल्याला एका उन्हाळ्यात जमणार नाही. पण मातीच्या खात्यात दर वर्षी मूठभर भरणा करणं तर जमेल ना?