उपाशी यीस्टने उलगडलेले पेशीचे गुपित

आषाढी एकादशी असो वा श्रावणी सोमवार, उपवासाचे दिवस जवळ आले की समाजमाध्यमांवर एक संदेश हमखास फिरू लागतो: उपवासाने शरीर शुद्ध होते, हे सिद्ध केल्याबद्दल एका जपानी शास्त्रज्ञाला नोबेल पारितोषिक मिळाले. शास्त्रज्ञ खरा, पारितोषिकही खरे. संशोधन मात्र निराळे आहे. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले ते पाव फुगवणाऱ्या यीस्ट या एकपेशीय बुरशीवरील कामासाठी.

ओसुमी यांचा जन्म १९४५ मध्ये फुकुओका येथे झाला. टोकियो विद्यापीठातून १९७४ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात गेले आणि तेथेच यीस्टकडे वळले. मायदेशी परतल्यावर त्यांनी यीस्टच्या पेशीतील रिक्तिका हा अभ्यासविषय निवडला. रिक्तिका म्हणजे पेशीची कचराकुंडी, अशीच तेव्हा अनेकांची समजूत होती. त्यामुळे या क्षेत्रात फारशी स्पर्धा नव्हती. गर्दीपासून दूर राहून काम करणे पसंत असलेल्या ओसुमींना ते सोयीचेच वाटले. १९८८ मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी, त्यांना टोकियो विद्यापीठात स्वतःची छोटी प्रयोगशाळा मिळाली.

पेशी स्वतःचेच काही घटक पचवते, हे त्यापूर्वीच ठाऊक झाले होते. बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द दूव्ह यांनी १९६३ मध्ये या क्रियेला ‘ऑटोफॅजी’, म्हणजे स्वभक्षण, असे नाव दिले. जीर्ण वा अनावश्यक घटकांभोवती पडद्याची पिशवी तयार होते, ती पचनाच्या जागी नेली जाते आणि तेथे त्यांचे विघटन होऊन पुनर्वापराचा कच्चा माल मिळतो. पण ही क्रिया कोणती जनुके घडवतात, याचा पत्ता नव्हता. शिवाय रिक्तिकेत आलेला माल इतक्या झपाट्याने पचतो, की तो दृष्टीस पडणे कठीण.

ओसुमींची युक्ती अगदी साधी होती. पचनच थांबवले, तर आत येणारा माल साचत जाईल आणि दिसेल. त्यांनी प्रथिने तोडणारी विकरे नसलेले यीस्ट घेतले आणि त्याला नायट्रोजनविना उपाशी ठेवले. काही तासांतच रिक्तिका लहान लहान गोलकांनी भरून गेल्या. साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाखालीही ते गोलक थरथरताना दिसत होते. यीस्टमध्ये स्वभक्षण होते, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला.

याच दृश्याचा उपयोग त्यांनी जनुकांच्या शोधासाठी केला. रसायनाच्या साह्याने यीस्टच्या जनुकांत यादृच्छिक बदल घडवून आणायचे, पेशी उपाशी ठेवायच्या आणि ज्यांत गोलक साचत नाहीत त्या वेचून काढायच्या. अशा पेशींतील बिघडलेले जनुक स्वभक्षणाला आवश्यक असले पाहिजे, हा त्यामागील तर्क. हजारो पेशीवसाहती तपासून ओसुमी आणि त्यांची विद्यार्थिनी मिकी त्सुकादा यांनी १९९३ मध्ये अशी १५ जनुके नोंदवली. पुढे ओकाझाकी येथील संस्थेत त्यांच्या चमूने या जनुकांपासून बनणाऱ्या प्रथिनांची कार्यसाखळी उलगडली. तिच्याशी साधर्म्य असलेली यंत्रणा माणसाच्या पेशीतही आढळली, आणि यीस्टचा प्रश्न माणसाचा झाला.

ओसुमींचे सहकारी नोबोरू मिझुशिमा यांनी पुढे उंदरांवर केलेला प्रयोग बोलका आहे. स्वभक्षणाचे एक आवश्यक जनुक नसलेली पिल्ले जन्मली खरी, पण दिवसभरात दगावली. जन्मताच नाळेचा पुरवठा तुटतो. त्या उपासमारीत निरोगी पिल्लाच्या पेशी स्वतःतील साठ्यावर तग धरतात. हे २००४ मध्ये दिसून आले. मेंदूतील चेतापेशींत ही क्रिया थांबवली, की निरुपयोगी प्रथिने साचून त्या पेशी नष्ट होतात, हेही नंतर स्पष्ट झाले.

मात्र स्वभक्षण जितके अधिक तितके उत्तम, असे समीकरण मांडता येत नाही. हीच क्रिया निरोगी पेशीचे रक्षण करते आणि वाढलेल्या कर्करोगाच्या पेशीलाही उपासमारीत जगवू शकते. ओसुमींनी माणसांना उपाशी ठेवून कोणताही प्रयोग केला नाही. किती तास उपवास करावा, याचे उत्तर त्यांच्या संशोधनात नाही. उपवास श्रद्धेने करणाऱ्याला नोबेलच्या दाखल्याची गरज नाही. पण मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी वा गर्भवतींनी त्या संदेशावर विसंबून अन्न सोडणे धोक्याचे ठरू शकते. त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

ओसुमींनी कर्करोग किंवा मेंदूविकार डोळ्यांपुढे ठेवून हे काम सुरू केले नव्हते. रिक्तिकेत काय चालते, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. ‘याचा उपयोग काय?’ असा प्रश्न १९८८ मध्ये कोणी विचारला असता, तर त्यांच्यापाशी सांगण्याजोगे उत्तर नव्हते. म्हणूनच नोबेलनंतर, २०१७ मध्ये, त्यांनी मूलभूत संशोधनाला आर्थिक पाठबळ देणारी संस्था जपानमध्ये स्थापन केली.