लॅपटॉपचा पंखा व बॅटरी : एकाच दुखण्याचीं दोन लक्षणें

आज बऱ्या स्थितींतील शेतकऱ्याच्या घरीं ट्रॅक्टर, मोटार व फवारणीचा पंप यांच्या जोडीला एखादा लॅपटॉपही दिसूं लागला आहे. मुलाच्या अभ्यासासाठीं म्हणून तो घरांत येतो, आणि मुलगा शहरीं गेला म्हणजे सातबाऱ्याचा उतारा काढणें, सोसायटीचा हिशेब ठेवणें, बाजारभाव पाहणें, अनुदानाचे अर्ज भरणें असल्या कामांसाठीं तो वडिलांच्या वांट्यास येतो. ट्रॅक्टरचें तेल केव्हां बदलावें हें ज्यांस झोंपेंतही सांगतां येईल असे आमचे कितीएक बांधव या यंत्राची मात्र कांहींच निगा राखीत नाहींत. आम्हीही त्यांतलेच होतों. त्याची किंमत आमची आम्हांस पडली असती तर हा लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. ती दुसऱ्यास पडली, म्हणून लिहीत आहों.

महसूल खात्यांतून निवृत्त होऊन गांवीं आल्यापासून शेजारचे लोक आपले ऑनलाइन अर्ज आमच्याकडून भरून घेतात. आमच्या आळींतील एका वृद्ध शेतकऱ्याची ठिबक संचाच्या अनुदानासाठीं सोडतींत निवड झाली होती. कागदपत्रें जोडण्याचा तो शेवटचा दिवस. पासबुकाच्या प्रतीसाठीं ते दिवसभर बँकेंत बसले होते. आमच्या ओसरीवर आले तेव्हां संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. वीज दुपारपासून गेलेली. लॅपटॉपचा पंखा मळणीयंत्रासारखा घोंघावत होता. परंतु बॅटरीच्या खुणेवर ३८ टक्के दिसत होते, आणि तेवढ्यांत काम उरकेल असें आम्हीं धरलें. सातबारा चढविला, आठ-अ चढविला, आणि पासबुक चढवीत असतां पडदा एकाएकीं काळा झाला. पुन्हा बटण दाबलें. क्षणभर उजेड, पुन्हा अंधार. मोबाइलवरून करावें तर कागदांच्या प्रती लॅपटॉपच्याच पोटांत! वीज आली ती रात्रीं बारा वाजून गेल्यावर. “असूं द्या, भाऊसाहेब, नशिबांत नव्हतें,” एवढें बोलून ते उठले. नशिबाचा त्यांत कांहीं संबंध नव्हता. यंत्र चार महिने ओरडून सांगत होतें व आम्हीं तें ऐकलें नाहीं, इतकेंच.

पंख्याचा आवाज हें एक दुखणें व बॅटरी लवकर उतरणें हें दुसरें, असें बहुतेक लोक समजतात. आवाजाची संवय होऊन जाते, आणि बॅटरी तेवढी नवी घेतात. आम्हींही दुसऱ्या दिवशीं तीच मागविण्यास निघालों होतों. परंतु तालुक्याच्या गांवीं यंत्रें दुरुस्त करणाऱ्या एका तरुण कारागिरानें आम्हांस थांबवून एक गोष्ट समजाविली, आणि ती ध्यानांत आल्यावर पुढचें सर्व सोपें झालें. लॅपटॉप जेवढी वीज खातो ती जवळजवळ सर्व अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. सात वॅट खाणारें यंत्र सात वॅटांची ऊब देतें, वीस वॅट खाणारें वीस वॅटांची. ही ऊब बाहेर फेकणें एवढेंच पंख्याचें काम. तेव्हां पंखा जोरानें फिरूं लागला म्हणजे दोहोंपैकीं एक गोष्ट घडलेली असते : एकतर यंत्राचा खर्च वाढला आहे, नाहींतर ऊब बाहेर जाण्याची वाट बुजली आहे. पहिल्या प्रकारांत बॅटरी त्याच दिवशीं लवकर संपते. दुसऱ्या प्रकारांत ती तापून तापून हळूहळू कायमची निकामी होते. आमच्याकडे हे दोन्ही प्रकार एकदम चालले होते.

प्रथम खर्चाची बाजू घेऊं. विंडोजच्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप हीं तीन बटणें एकदम दाबलीं म्हणजे टास्क मॅनेजर नांवाची यादी उघडते. तिच्यांत ‘सीपीयू’ या शब्दावर टिचकी मारली कीं जो प्रोग्राम सर्वांत अधिक काम करीत आहे त्याचें नांव वर येतें. कारकुनाच्या भाषेंत सांगावयाचें तर ही खर्चाची किर्द आहे, आणि आम्ही जन्मभर दुसऱ्यांच्या किर्दी तपासून स्वतःची मात्र कधीं उघडली नव्हती. उघडल्यावर काय दिसावें? ब्राउझरमध्यें तीसाहून अधिक पानें उघडीं पडलेलीं; त्यांतील निम्म्यांवर हलत्या जाहिराती. मुलानें कॉलेजांत असतांना बसविलेले दृक्‌श्राव्य बैठकीचे तीन प्रोग्राम, यंत्र सुरू होतांच आपणहून जागे होणारे. आणि विषाणूपासून रक्षण करणारे प्रोग्राम दोन! एका दारावर दोन पहारेकरी बसवावे आणि दोघांनीं एकमेकांचीच झडती घेत बसावें, तसा तो प्रकार.

अनावश्यक पानें बंद केलीं. त्याच यादींतील ‘स्टार्टअप’ या भागांत जाऊन आपणहून सुरू होणारे प्रोग्राम थांबविले. दोहोंपैकीं एक रक्षक काढून टाकला. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणला. पडदा हा फार खाणारा भाग आहे. सेटिंग्जमध्यें पॉवर मोड ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’वर ठेवला. येथें एक सूचना केली पाहिजे. यंत्र नुकतेंच सुरू केलें असतां, किंवा विंडोजचें अद्यतन चालू असतां, सीपीयूचा आंकडा कांहीं वेळ चढलेलाच असतो. तेवढ्यावरून कोणताही निर्णय करूं नये. पेरणी झाल्याच्या दुसऱ्या दिवशीं कोणी उगवण मोजावयास जात नाहीं. तसेंच ज्याचें नांव ओळखीचें नाहीं असा विंडोजचा प्रोग्राम उगीच बंद करूं नये.

आतां बॅटरीची शिल्लक. शोधण्याच्या चौकटींत ‘सीएमडी’ हीं अक्षरें टंकून काळी खिडकी उघडावी. तींत इंग्रजींत ‘पॉवरसीएफजी’, मग एक मोकळी जागा, मग तिरकी रेघ व तिला लागूनच ‘बॅटरीरिपोर्ट’ असें टंकून एंटर दाबावें. यंत्र एक अहवाल तयार करतें व तो कोठें ठेविला तें खालीं सांगतें. त्या अहवालांतील ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे बॅटरी नवी असतांनाची धारणा, व ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आजची. आमच्या यंत्राचे आंकडे अनुक्रमें ४१,००० व २२,१४० मिलिवॅट-तास असे निघाले. म्हणजे शंभरांतील चौपन्न उरले होते. त्याच अहवालांत कोणत्या वेळीं किती वीज उतरली तेंही असतें. जुन्या रीतीनें आमचें यंत्र तासाला सुमारें १५ वॅट-तास खात होतें. बावीसला पंधरांनीं भागिलें म्हणजे दीड तासही भरत नाहीं. वर सांगितलेली काटकसर केल्यावर तोच आंकडा सातावर आला, आणि त्याच जुन्या बॅटरीवर तीन तासांहून अधिक काम होऊं लागलें. नवीन पैसा एकही खर्च न होतां! पंख्याचा आवाजही निम्मा झाला, कारण ऊबच निम्मी झाली. विहिरीचें पाणी पुरत नाहीं असें म्हणणाऱ्यानें विहीर खोल करण्यापूर्वी पाटाला भगदाड पडलें आहे कीं काय तें पाहावें, अशांतली ही गोष्ट आहे.

मग त्या दिवशीं ३८ टक्के दाखवून यंत्र बंद कां पडलें? विहिरींत गाळ भरला, पण आंतील भिंतीवरच्या फुटांच्या खुणा जुन्याच राहिल्या, तर खूण पाहून पाण्याचा अंदाज करणारा फसतो. बॅटरी झिजली म्हणजे तिची टक्केवारी अशीच फसवी होते. त्यांत यंत्रानें एकदम मोठी ओढ घेतली कीं बॅटरीचा दाब कोसळतो व यंत्र बंद पडतें. यावर थोडा उपाय आहे. बॅटरी एकदां पूर्ण भरावी, मग यंत्र आपणहून निजेपर्यंत ती उतरूं द्यावी, व पुन्हा सलग भरावी. म्हणजे खुणा बऱ्याच अंशीं जाग्यावर येतात. परंतु हें दोनतीन महिन्यांतून एकदां पुरे. बॅटरी नेहमीं पूर्ण उतरवूनच भरावी असें सांगणारे लोक अजून भेटतात. तो नियम जुन्या निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांचा. लॅपटॉपमधील लिथियम-आयन बॅटरी, जी १९९१ सालीं सोनी कंपनीनें प्रथम बाजारांत आणली, तिला तो लागू नाहीं. उलट त्यानें तिची हानिच होते.

दुसरी बाजू बुजलेल्या वाटेची. लॅपटॉपच्या आंत मुख्य चिपेवर तांब्याची एक चपटी नळी बसविलेली असते. तिच्या टोकास पातळ पत्र्यांची जाळी, आणि जाळीवर वारा घालणारा पंखा. हवा बहुधा बुडाच्या छिद्रांतून आंत येते व कडेच्या किंवा मागच्या फटीतून बाहेर जाते. आम्ही लॅपटॉप कोठें ठेवीत होतों? गोधडीवर! बुडाचीं छिद्रें त्यानें पार बंद. शिवाय ती खोली खळ्याला लागून. सोयाबीनच्या मळणीचा बारीक भुसा ज्यांनीं अनुभविला आहे त्यांस अधिक सांगणें नको. कारागिरानें बूड उघडलें तेव्हां जाळीच्या तोंडाशीं धुळीचा असा जाड थर बसला होता कीं तो चिमट्यानें अखंड निघाला. चिप व तांबें यांमधील ऊब वाहून नेणारा लेपही वाळून भेगाळला होता. तो खरवडून नवा लाविला. सर्व मिळून साडेतीनशे रुपये घेतले.

ज्यास स्वतः उघडणें जमत नाहीं त्यानें निदान इतकें करावें : यंत्र बंद करून, चार्जर काढून, छिद्रांवरून कोरडा मऊ ब्रश फिरवावा, व लॅपटॉप सदैव फळीवर किंवा टेबलावर ठेवावा. जे उघडतील त्यांनीं प्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी, आणि हवा मारतांना पंख्याचें पातें काडीनें अडवून धरावें. मोकळें सोडल्यास तें भलत्या वेगानें फिरून त्याचें बेअरिंग बिघडतें. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मात्र कदापि मारूं नये. आम्ही त्याच विचारांत होतों. त्या हवेबरोबर पाण्याचे व तेलाचे कण येतात, आणि जोरही फार असतो. पंख्याचा आवाज वाऱ्यासारखा नसून खरखरीचा किंवा टकटकीचा असेल तर बेअरिंगच गेलें असें समजावें. तेथें सफाईचा उपयोग नाहीं, पंखा बदलावा.

बॅटरीचे शत्रू दोन : उष्णता, आणि सदैव काठोकाठ भरलेलें पोट. दोन्ही एकत्र आले म्हणजे फार वाईट. पूर्ण भरलेली लिथियम-आयन बॅटरी ४० अंश उष्णतेंत वर्षभर नुसती पडून राहिली तर तिची धारणा सुमारें ६५ टक्क्यांवर येते. तीच ४० टक्के भरून ठेविली तर सुमारें ८५ टक्के उरते. वैशाखांत पत्र्याच्या खोलींत चाळीस अंश ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाहीं, आणि आमचा लॅपटॉप वर्षानुवर्षें त्याच खोलींत चार्जरला टांगलेला होता. वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं म्हणून नित्य भरून ठेवण्याचा मोह होतो, हें आम्ही जाणतों. परंतु पुष्कळ कंपन्यांच्या यंत्रांत ८० टक्क्यांवर भरणें थांबविण्याची सोय असते. ती चालू ठेवावी, व महत्त्वाच्या कामाच्या आदल्या रात्रीं तेवढी पूर्ण भरावी. उन्हाळ्यांत लॅपटॉप घरांतील सर्वांत थंड खोलींत असावा. मोटारींत, उन्हांत, कधींही सोडूं नये.

चार्जरविषयीं थोडें. बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट असें छापलेलें असतें. त्यामुळें गांवांतील कमी दाबानें तो सहसा बिघडत नाहीं. पण ६५ वॅटांच्या यंत्रास शेजाऱ्याचा ४५ वॅटांचा चार्जर लाविला तर काम करतांना बॅटरी भरतच नाहीं, व लोक दोष बॅटरीला देतात.

एका बाबतींत मात्र काटकसर चालावयाची नाहीं. कळपाट मध्यें उचललें गेलें, टचपॅड दबेनासें झालें, किंवा सपाट टेबलावर लॅपटॉप डुलूं लागला, तर बॅटरी फुगली आहे असें समजून त्याच क्षणीं यंत्र बंद करावें व चार्जर काढावा. ती दाबूं नये, टोंचूं नये. तिला आग लागते, आणि कडब्याच्या गंजीजवळच्या घरांत आग म्हणजे काय तें सांगावयास नको. ती कारागिराकडून काढून घ्यावी व उकिरड्यावर न टाकतां विक्रेत्याकडे परत द्यावी; २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणें वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेतांना जुनीवरील भाग-क्रमांक व व्होल्ट जुळवूनच घ्यावी.

आमची बॅटरी पुढें आठ महिने चालली, व मग आम्हीं ती बदलली. त्या वृद्ध गृहस्थांनीं अनुदानासाठीं पुन्हा अर्ज केला आहे. त्यांचे सातबारा, आठ-अ व पासबुक यांच्या प्रती आम्हीं आतां लॅपटॉपमध्यें, आमच्या मोबाइलमध्यें व त्यांच्या नातवाच्या मोबाइलमध्यें, अशा तीन ठिकाणीं ठेविल्या आहेत. निवडीचा निरोप येईल त्याच दिवशीं सकाळीं ते आमच्या ओसरीवर यावयाचे आहेत.