ब्रेकची नळी आणि तिची न दिसणारी झीज

सांगली आणि मिरज यांच्यामध्ये वसलेल्या विश्रामबागेला यंत्रविद्येचा वारसा आहे. १९४७ साली सुरू झालेले आणि १९५५ पासून वालचंद हिराचंद यांच्या नावाने ओळखले जाणारे अभियांत्रिकी महाविद्यालय याच उपनगरात आहे. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना करणाऱ्या उद्योजकाचे नाव अशा रीतीने येथील यंत्रशिक्षणाशी जोडले गेले. तेथे वर्गात शिकवला जाणारा द्रवदाबाचा नियम गॅरेजमध्ये मात्र हाताला कळावा लागतो, आणि जुन्या मोटारसायकलीची झिजलेली ब्रेक होज, म्हणजेच मेकॅनिकच्या बोलीतला ‘डिस्कचा पाइप’, बदलताना त्या हाताची कसोटी लागते.

डिस्क ब्रेकचे तत्त्व पास्कलच्या नियमावर उभे आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व बाजूंना सारखाच पोहोचतो, त्यामुळे हँडलवरच्या मास्टर सिलिंडरमधील दट्ट्यापेक्षा चाकाजवळच्या कॅलिपरमधील दट्ट्याचा व्यास दुप्पट असेल, तर त्यावर चौपट बल मिळते. या तत्त्वाचा उपयोग १९२० च्या दशकात मोटारींत झाला, १९६९ च्या होंडा सीबी ७५० ने पुढच्या चाकाचा द्रवचलित डिस्क ब्रेक मोटारसायकलीत रूढ केला, आणि हिरो होंडाची सीबीझेड व बजाजची पल्सर यांसारख्या गाड्यांमुळे १९९९ नंतरच्या काही वर्षांत तो महाराष्ट्रातील तरुणांच्या हाती आला. त्या पिढीतील ज्या गाड्या आजही चालतात, त्यांच्या नोंदणीची पहिली १५ वर्षे केव्हाच उलटली आहेत. आणि १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे करणारा १ एप्रिल २०१९ चा नियम त्यांना लागू नसल्याने, त्यांची सारी मदार ब्रेकच्या मूळ रचनेवरच राहते.

नळी सोडली तर या रचनेतील बहुतेक भाग धातूचे असतात. पुढचा काटा खालीवर होताना आणि हँडल वळताना जो भाग वाकलाच पाहिजे, तो रबराचा असतो. नळीच्या आतील अस्तर द्रव धरून ठेवते, मधली धाग्यांची वीण दाबाखाली नळीला फुगू देत नाही आणि बाहेरचे आवरण ऊन, धूळ व घर्षण सोसते. बाहेरच्या आवरणाला तडे गेले तर ते दिसतात, परंतु वीण सैल झाली की नळी आतल्या आत फुगते, हाताचा जोर त्या फुगण्यातच खर्ची पडतो आणि लिव्हर पोचट लागतो. याहून फसवी अवस्था अस्तर सुजल्यावर येते: हाताच्या जोराने द्रव पुढे ढकलला जातो, पण परत येण्यास तेवढा जोर नसल्याने तो अडतो, ब्रेक सुटत नाही, चाक जड फिरते, आणि बाहेरून नळी धडधाकट दिसत असल्याने दोष आधी कॅलिपरला दिला जातो.

नळी बदलण्याची कृती सांगायला सोपी आहे. जुने ब्रेक ऑइल काढून दोन्ही टोकांचे बॅन्जो बोल्ट, म्हणजे ज्यांच्या पोकळीतून ऑइल वाहते असे बोल्ट, सोडवायचे. नळी मूळच्याच मार्गाने ओवून, प्रत्येक जोडाच्या दोन्ही अंगांना नवे वॉशर घालून ते पुन्हा कसायचे. हे वॉशर मऊ धातूचे असतात व कसताना दबून जोड बंद करतात, म्हणून एकदा दबलेला वॉशर पुन्हा वापरला तर गळती संभवते. शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून नळी ताणली जात नाही ना, हे पाहावे लागते.

खरी अडचण यानंतर सुरू होते, कारण नव्या नळीत हवा भरलेली असते. द्रव दबत नाही, हवा दबते; त्यामुळे एखादा बुडबुडाही लिव्हरचा कणखरपणा घालवतो. लिव्हर दाबून धरायचा, कॅलिपरवरचा हवा काढण्याचा निपल किंचित उघडायचा, तो बंद केल्यावरच लिव्हर सोडायचा आणि ऑइलची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, हा क्रम कितीतरी वेळा करूनही वरच्या बॅन्जोच्या वळणात हवा अडकून राहते. अशा वेळी लिव्हर रात्रभर बांधून ठेवला जातो. बुडबुडे सावकाश वर चढतात आणि सकाळी लिव्हर सोडताच टाकीत निघून जातात. याखेरीज, गंजलेला बोल्ट घाईने सोडवला तर तो तुटतो, सांडलेले ऑइल पेट्रोलच्या टाकीचा रंग उतरवते, आणि कमी लांबीची स्वस्त नळी बसवली तर ती पूर्ण वळणावर ताणली जाते.

ऑइलचाही प्रश्न उरतोच. ग्लायकॉलयुक्त द्रव हवेतील ओलावा शोषतो, त्यामुळे डॉट ४ प्रकाराच्या द्रवाचा किमान उत्कलनबिंदू ताजेपणी २३० अंश सेल्सिअस असला तरी ओलावा मुरल्यावर तो १५५ अंश धरला जातो. कृष्णेच्या २००५ आणि २०१९ च्या महापुरांनी सांगलीत असंख्य वाहने बुडवली. पाण्याखाली गेलेल्या गाडीचे ब्रेक ऑइल वरून स्वच्छ दिसले तरी बदललेच पाहिजे.

अनेक उत्पादकांच्या पुस्तिका ऑइल दोन वर्षांनी आणि नळी चार वर्षांनी बदलण्यास सांगतात. नळीची झीज डोळ्यांना वेळेवर दिसत नाही, म्हणून तिचा निवाडा तारखेनेच व्हायला हवा. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे एकाएकी थांबण्याची वेळ येण्यापूर्वी, जुनी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने आपल्या गाडीची नळी शेवटची कधी बदलली होती, हे आजच तपासावे. आठवत नसेल, तर ती बदलण्याची वेळ झाली आहे असे समजावे.