पंचेचाळिसावा आला म्हणजे नेमकं काय झालं?

बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये १३ फेब्रुवारी २०२२ रोजी पुरुषांची जायंट स्लॅलम शर्यत झाली. आपल्यापर्यंत तिची बातमी पोचली ती एवढीच, की भारताचा आरिफ मोहम्मद खान ४५वा आला. हळहळणारे हळहळले, पाठ थोपटणारे पाठ थोपटून मोकळे झाले. ती शर्यत असते कशी, हे मात्र दोघांनाही फारसं ठाऊक नव्हतं.

डोंगराच्या उतारावर लाल आणि निळी गेटं आळीपाळीने रोवलेली असतात. दोन्ही पाय आणि दोन्ही स्कींची टोकं प्रत्येक गेटमधून गेलीच पाहिजेत. एक गेट चुकलं की खेळ खलास. फेऱ्या दोन, त्याही एकाच दिवशी, आणि दुसऱ्या फेरीला गेटं नव्याने मांडतात. सराव करू देत नाहीत. फेरीआधी फक्त कडेकडेने हळू घसरत मार्ग न्याहाळायचा आणि कुठे उतार मोडतो, कुठलं गेट आडवं पडलंय, हे डोक्यात साठवायचं. दोन्ही फेऱ्यांच्या वेळांची बेरीज म्हणजे निकाल.

खरी मेख वळणात आहे. पुरुषांची जायंट स्लॅलमची स्की किमान १९३ सेंटीमीटर लांब असते, म्हणजे उंच माणसापेक्षाही लांब, आणि ती मुद्दाम अशी घडवलेली असते की सहजासहजी वळू नये. तिच्या कडेला पोलादी पट्टी असते. स्कीपटू स्की कलती करून ती धार बर्फात रुतवतो आणि अंग आत इतकं झोकतो की आतला हात बर्फाला टेकतो. धार धरून राहिली तर स्की रुळावरून गेल्यासारखी जाते. आडवी घसरली तर बर्फाचा फवारा उडतो. टीव्हीवर तो देखणा दिसतो, पण प्रत्येक फवारा म्हणजे वाया गेलेला वेळ. शिवाय वळणाचा बराचसा भाग गेटाच्या वरच उरकून घ्यावा लागतो. गेटापाशी पोचल्यावर वळायला गेलं, तर माणूस खाली फेकला जातो, पुढच्या गेटाला उशीर होतो, त्याच्या पुढच्याला आणखी. चूक होते तिसऱ्या गेटाला, माणूस बाहेर पडतो सातव्या गेटाला.

ही शर्यत झाली त्या यांछिंगच्या डोंगरावरचा बर्फ यंत्रांनी तयार केलेला होता. असा बर्फ घट्ट असतो, धार धरून ठेवतो, म्हणून स्कीपटूंची त्याला हरकत नसते. नेमकं त्या दिवशी आभाळातून खरं हिम कोसळू लागलं. खालचा थर टणक, वर भुसभुशीत ताजा बर्फ, आणि उजेड असा पांढुरका की चढ-उतार डोळ्यांना दिसेना. मार्ग साफ करायला माणसं स्कीवर आडवी घसरत खाली जात होती. दुसरी फेरी पुढे ढकलावी लागली.

आता उतरण्याच्या क्रमाकडे या. पहिल्या फेरीत अव्वल मंडळी आधी उतरतात. बाकीच्यांचा क्रम आंतरराष्ट्रीय गुणांवर ठरतो. हे गुण जितके कमी तितका माणूस वरचा. प्रत्येक जण गेटाभोवती त्याच जागी वळतो, त्यामुळे तिथे खोबण पडते आणि ती खोल होत जाते. मागून येणाऱ्याच्या वाट्याला पाचव्या दिवसाची खेळपट्टी येते, आणि इथे तर नाणेफेकही नाही. दुसऱ्या फेरीत पहिले तीस जण उलट्या क्रमाने उतरतात, म्हणजे आघाडीवाला तिसावा. त्याने कमावलेल्या आघाडीची थोडी किंमत त्याच्याकडून वसूल करून घेतली जाते. मला हा नियम फार आवडतो. एकतिसाव्यापासून पुढच्यांना मात्र ही सवलत नाही, ते आपले मागचे मागेच.

त्या दिवशीचा आघाडीवाला होता स्वित्झर्लंडचा २४ वर्षांचा मार्को ओडेरमाट. तो दुसऱ्या फेरीत खणलेल्या मार्गावर उतरला, आघाडी राखून खेळायच्या भानगडीत पडला नाही आणि जिंकला. एकूण वेळ २ मिनिटं ९.३५ सेकंद. स्लोव्हेनियाचा झान क्रान्येत्स अवघ्या ०.१९ सेकंदाने मागे राहिला. ताशी ७० किलोमीटरच्या वेगाने हे अंतर चार मीटरही भरत नाही. कांस्य फ्रान्सच्या मातिउ फेव्रला मिळालं.

आरिफची वेळ होती २ मिनिटं ४७.२४ सेकंद. म्हणजे ओडेरमाटपेक्षा जवळजवळ ३८ सेकंद जास्त. हे अंतर झाकायचं कारण नाही, या खेळात ते प्रचंड आहे, आणि त्याचा सगळा दोष बर्फावर टाकणंही बरोबर नाही. ओडेरमाटसारखी मुलं आल्प्समध्ये लहानपणापासून गेटांतच वाढतात. आरिफ काश्मीरमधल्या टंगमर्गचा. गुलमर्गला वडिलांचं स्कीचं दुकान, म्हणून स्की लवकर पायांत आली. पण ऑलिंपिकसाठी लागणारे गुण मिळवायला त्याला दुबईतल्या मॉलमधल्या बर्फावर आणि नंतर माँटेनेग्रोत शर्यती खेळाव्या लागल्या. बीजिंगला भारताचा तो एकटाच खेळाडू. त्यातच गलवानच्या भारत-चीन संघर्षातल्या एका चिनी अधिकाऱ्याच्या हाती ऑलिंपिकची मशाल दिली गेली, म्हणून भारताने उद्घाटन-समारोपावर राजनैतिक बहिष्कार टाकला आणि दूरदर्शनने ते सोहळे थेट दाखवले नाहीत. तिरंगा धरून चालणारा आरिफ घरच्या वाहिनीवर दिसलाच नाही.

पण निकालपत्रकाचा खालचा भाग वाचायला हवा. शर्यत पुरी करणारे होते फक्त ४६ जण. उतरलेल्यांपैकी जवळपास निम्मे बाहेर पडले. नॉर्वेच्या लुकास ब्राथेनसारखा नावाजलेला स्कीपटू पहिल्याच फेरीत गेला. तेव्हा ४५वा म्हणजे शेवटून दुसरा, हे खरं. पण त्याच दिवशी, त्याच हिमात, खोल खोबणींतून दोनदा खाली उतरलेला आणि एकही गेट न चुकवलेला, हेही तितकंच खरं.

तीन दिवसांनी स्लॅलममध्ये आरिफ पहिल्याच फेरीत बाद झाला. पत्रकावर त्याच्या नावापुढे ‘शर्यत अपूर्ण’ अशी नोंद लागली. ८ फेब्रुवारीच्या सुपर-जी शर्यतीच्या पत्रकात मार्को ओडेरमाटच्या नावापुढेही तीच नोंद आहे.